भरल्या ताटावरून

एक वृद्ध आचार्य नदीकाठच्या गावात अन्नछत्र चालवीत असत. रोज दुपारी शंभर-सव्वाशे माणसांची पंगत बसे. ज्यांना घर नाही, ज्यांचं कोणी नाही, अशी ही माणसं. आचार्य स्वतः पंगतीच्या टोकाला बसून सर्वांबरोबर जेवत. वाढण्याचं काम त्यांच्या शिष्याकडे होतं. तिशीतला, शिकलेला, कामाला वाघ! सव्वाशे ताटं तो वीस मिनिटांत वाढून मोकळा होई आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. असू दे म्हणा, काम अभिमान वाटण्यासारखंच होतं.

त्या पंगतीत एसटी स्टँडच्या आडोशाला राहणारा एक म्हातारा वर्षभर जेवायला येत होता. त्याची एक खोड होती. ताट वाढून झालं की तो चटणी सरकवून डाव्या बाजूला न्यायचा, भाजी उजवीकडे घ्यायचा आणि मगच पहिला घास उचलायचा. शिष्याला याची भारी चीड येई. 'राहायला छप्पर नाही आणि नखरे बघा!' असं तो मनात म्हणे.

एके दिवशी मात्र म्हाताऱ्याने हद्दच केली. पंगतीतूनच ओरडला, "अहो, त्या आजींना पोळ्या काय वाढताय? भात वाढा, वर वरण घाला चांगलं!"

सगळ्या माना वळल्या. शिष्याचा पारा चढला. "फुकट जेवायचं आणि वर आम्हालाच अक्कल शिकवायची? जेवायचं तर गप जेवा, नाहीतर उठा!"

म्हातारा उठला. एक घासही खाल्ला नाही. माणसाला भरल्या ताटावरून उठवणं म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको. घरात कितीही भांडण पेटलं तरी आपण म्हणतो, आधी जेवून घे, मग बोलू.

त्याच्या मागोमाग आचार्यही उठले. त्यांचंही ताट तसंच होतं.

"अण्णा, तुम्ही का उठलात?" शिष्य घाबरून म्हणाला.

"तो जेवायला बसेल तेव्हा बसेन."

"मग आत्ता हाक मारून आणतो त्याला."

"मार की. काय नावाने मारशील?"

शिष्य वर्षभर त्याला रोज वाढत होता, पण नाव कधी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी आचार्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. वय अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना भिंत धरून चालताना पाहून शिष्य धावतच स्टँडवर गेला. तिथे भिंतीला टेकून चार-पाच म्हातारे बसलेले. त्यांतला आपला कोणता, ते त्याला ओळखू येईना! त्यातल्याच एकाला त्याने विचारलं, "काका, अन्नछत्रात येणारे, चटणी सरकवणारे एक आजोबा..."

"मीच तो," म्हातारा म्हणाला. "बसा."

त्याचं नाव सदोबा गुरव. चाळीस वर्षं लग्नाच्या पंगतींत वाढपी म्हणून राबलेला माणूस. चटणी, लिंबू डावीकडे, भाज्या उजवीकडे. हाताला वळणच पडलेलं. मग बुफे आले, लोक आपलं आपण वाढून घेऊ लागले. आधी काम गेलं, मग खोली, मग माणसं.

"आजींना दात नाहीत हो," सदोबा म्हणाला. "तुमच्या पोळ्या पदरात बांधून आणतात आणि इथे कुत्र्याला घालतात. तुम्हाला वाटतं, जेवल्या."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो, काका. चला जेवायला."

"जिथून उठवलं तिथे मी परत जेवायला बसत नाही."

शिष्य रिकाम्या हाताने परतला. सगळं ऐकल्यावर पंगतीच्या वेळेला आचार्य उठले, भाताचं पातेलं त्याच्या हाती दिलं आणि काठी टेकत त्याला घेऊन स्टँडवर गेले. पातेलं सदोबांपुढे ठेववून म्हणाले, "सदोबा, ताटं मांडून तयार आहेत. वाढायला माणूस नाही."

"हा आहे की!"

"तो आज पंगतीत बसणार आहे."

सदोबांनी पातेल्याकडे पाहिलं, भाताचं एक शीत बोटांनी चेपलं. "जरा फडफडीत झालाय," असं म्हणत पातेलं उचलून ते चालू लागले.

त्या दिवशी पंगतीला तासभर लागला. सदोबांनी प्रत्येकापुढे वाकून विचारलं. आजींचा भात वरणात मऊ कालवून दिला. शिष्याने ताटावर हात आडवा धरला, तर म्हणाले, "हात काढा. पोट भरलेला माणूस मला चेहऱ्यावरून कळतो." शिष्याचे डोळे भरून आले.

पंगत उठल्यावर आचार्य त्याला म्हणाले, "माझा उपास ही तुला शिक्षा नव्हती रे. पाहुणा उपाशी उठला, तर यजमानाच्या घशाखाली घास कसा उतरेल? तू अन्न मनापासून वाढलंस. पण ज्याला घर नाही, त्याच्याजवळ देण्यासारखंही काही नाही, असं धरून चाललास. म्हणून त्याने दिलं, तेव्हा तुला तो उद्धटपणा वाटला. ज्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही असं आपण ठरवतो, त्याचं नाव आपण कशाला विचारू?"

शिष्याने दोन ताटं मांडली, एक आचार्यांचं, एक सदोबांचं. चटणीचा चमचा हातात घेऊन तो सदोबांपुढे वाकला. "काका, काय वाढू आधी?"

"वाढप्याने पंगतीनंतर जेवायचंच असतं. पण आधी तुमचं ताट आणा," सदोबा म्हणाले. "पोट भरलं असलं तरी चालेल. नुसते बसा. कुणाशी तरी बोलत जेवून फार वर्षं झाली."

शिष्य तिसरं ताट घेऊन बसला. मग आचार्यांनी पहिला घास घेतला.