शेवग्याखालची राख

"दाणे टाकणारी बाई गेली, हे कोंबड्यांना कळते का?" वप्पकाने हा प्रश्न आईला विचारला, वैद्याला विचारला, शेजारणीलाही विचारला. त्याची बहीण सोणा जाऊन महिना झाला होता. तिच्या सहा कोंबड्या डालग्यात कोंबून तो तिरीमिरीत बाजाराला निघाला. वाटेत विहार लागला, तेव्हा तिथे धर्म शिकवणाऱ्या शास्त्यांनाही त्याने तेच विचारले. कळते असे शास्ते म्हणाले नाहीत, कळत नाही असेही म्हणाले नाहीत. त्यांनी पूर्वजन्मीची गोष्ट सांगितली.

वेळुवती नगरात महीपाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बुरुडाच्या कुळात जन्मले होते. सुपे-टोपल्या विणून ते खेडोपाडी विकत. एका खेड्यात एका तरुणाची थोरली बहीण तापाने गेली. तिच्या सात कोंबड्या मागे राहिल्या. तिसऱ्याच दिवशी मुंगसाने एक नेली. तरुण पेटून उठला. बहिणीचे जुने खुराडे त्याने लाथेने मोडले, मोरीजवळच्या सखल जागेत दुपारभरात नवे उभे केले आणि मुंगसाला फट मिळू नये म्हणून चारी भिंती शेणामातीने वरपर्यंत लिंपल्या. आत ओल धरली. वारा शिरेना. कोंबड्या चोची उघडून धापा टाकू लागल्या, आणि संध्याकाळी एकही आत जाईना.

बोधिसत्त्व दारी आले तेव्हा तो काठी घेऊन कोंबड्यांमागे धावत होता.

"बुरूडकाका, न्या या सगळ्या! फुकट न्या. मला नकोत."

अंडी देणाऱ्या सहा कोंबड्या फुकट मिळत होत्या. बोधिसत्त्वांनी डोक्यावरच्या टोपल्या खाली ठेवल्या. "आज नेईन आणि उद्या तू रडत मागायला येशील. तोवर मी त्या विकून मोकळा झालेलो असेन. हे खुराडे तूच बांधलेस?"

"मग कोणी? एक फट दाखवा!"

"तीच तर नाही ना, बाबा. हे तू मुंगसासाठी बांधलेस. आता कोंबड्यांसाठी बांधू. पण उद्या दिवसभर काठी माझ्याकडे. तू नुसते बसून बघायचे."

बसणे त्याला कधीच जमत नसे. तरी बसला. सकाळी कोंबड्या परसाच्या उंच कडेला उन्हात गेल्या. ऊन चढल्यावर डाळिंबाच्या सावलीत आल्या. कोंबड्यांनी लोळून पिसांतल्या उवा झाडाव्यात म्हणून शेवग्याखाली बहीण रोज चुलीतली राख ओतत असे. तिथे त्या उकरून लोळू पाहत होत्या, पण आता राख नव्हती. दिवस कलताच त्या डाळिंबाच्या कमरेएवढ्या उंच फांदीवर जाऊन बसल्या.

"झाला आराखडा," बोधिसत्त्व म्हणाले.

दोघांनी उंच कडेला खुराडे बांधले. दार उगवतीला ठेवले. भिंती खाली लिंपल्या, वर बोटभर फटींची कामट्यांची जाळी विणली. आत कमरेच्या उंचीवर लांब दांडी आणि कोपऱ्यात गवत घातलेल्या दोन टोपल्या. कुंपण घातले ते शेवगा आणि डाळिंब दोन्ही आत घेऊन, आणि मुंगसाने खालून उकरू नये म्हणून त्याचा तळ हातभर जमिनीत पुरला.

"सहा कोंबड्यांना एवढी जागा? माझ्या मावशीचे घर एवढे नाही!"

"मावशी दिवसभर माती उकरत असेल तर तिलाही देऊ."

बहीण गेल्यापासून तरुण पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी पाच कोंबड्या आपणहून आत गेल्या. सहावी, एक लंगडी कोंबडी, मात्र बाहेरच थांबून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. तरुणाने बहिणीसारखी हाक घातली, "ये गं, ती ती ती!" लंगडीने मान वळवली आणि आत शिरली. त्याने कडी घातली आणि तिथेच बसून पोटभर रडला. सकाळी सहाही कोंबड्या बाहेर आल्या.

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "तो भाऊ तू होतास. ती बहीण सोणाच होती. तो बुरूड मी. दया करायची तर आधी धीराने बसून बघावे लागते. त्या गुणाला क्षांती म्हणतात."

वप्पकाने डालगे उचलले आणि बाजाराची वाट सोडून तो घरी आला. त्याच्याही परसात शेवगा होता. कोंबड्या मोकळ्या करून तो आत गेला, आणि दिवसाचे शेवटचे काम म्हणून चुलीतली सूपभर गार राख आणून त्याने शेवग्याखाली ओतली.