डिस्कच्या वाटणीची वीज

एका जिल्ह्याच्या गावी पूर्वी एक वृद्ध गृहस्थ संगणक दुरुस्त करीत असत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या हाताखाली हेरंब नावाचा एक शिष्य होता. हुशार, लाघवी आणि उतावळा. उतावळेपणा हा तसा काही मोठा दुर्गुण नव्हे, पण विजेच्या कामात तो भलताच महाग पडतो, हे त्याला अजून कळायचे होते.

एके दिवशी दुकानात उंबरकर गुरुजी आले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. हेरंबच्या हाती पहिला ब्रश त्यांनीच दिलेला. गुरुजींचे तांबखडी हे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. ज्यांना गाव आठवते अशा म्हाताऱ्यांना विचारून विचारून ते संगणकावर जसेच्या तसे उभे करायचे. घरे, पार, विहिरी, गल्ल्यांची वळणेसुद्धा! आता गाव उभे राहिले होते, पण त्यातून फिरू म्हटले की चित्र अडखळे, मध्येच थिजून जाई. संगणक कंपनीकडून तयार जोडून आलेला, साध्यासुध्या कामापुरता. आणि गावकऱ्यांचा मेळावा तोंडावर आलेला.

"म्हातारी माणसं आहेत अण्णा, किती दिवसांची सोबत," गुरुजी म्हणाले. "एकदा त्यांना त्यांच्या गल्लीतून चालत न्यायचंय. कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ, तेवढं सांगा."

अण्णांनी कपाटातल्या कार्डांकडे पाहिलेच नाही. संगणकाचे झाकण काढून ते बराच वेळ आत बघत बसले. मग म्हणाले, "कंपनीने यात मोजकीच वीज देणारा पॉवर सप्लाय घातलाय. मोठ्या कार्डाला विजेची वेगळी वायर लागते, ती यात नाहीच. बोर्डातून मिळेल तेवढ्यावर भागवणारं लहान कार्ड मागवतो. गाव काही झगमगणार नाही गुरुजी, पण चालता येईल."

हेरंबला त्यांनी बजावले, "कार्ड आलं की आधी डिस्कवरच्या सगळ्याची नक्कल काढ. मगच आत हात घाल." आणि ते पुतणीच्या लग्नाला परगावी गेले.

लहान कार्ड आले. हेरंबने ते उलटसुलट करून पाहिले आणि नाक मुरडले. आपल्या गुरुजींनी एवढी वर्षे खपून उभे केलेले गाव, आणि ते या एवढ्याशा कार्डावर दाखवायचे? कपाटातले मोठे कार्ड त्याला खुणावू लागले. त्याने लांबी मोजली, पेटीत मावत होते. खाचेतही नीट बसले. राहिला प्रश्न वायरीचा. त्यासाठी बाजारात एक जोडवायर मिळते. डिस्ककडे जाणाऱ्या विजेत तिचे एक टोक जोडायचे, दुसरे कार्डाला लावायचे. विकणारा बिनदिक्कत विकतो, घेणारा घेतो, आणि सगळे जुळले म्हणून दोघेही खूश! हेरंबही खूश झाला. नक्कल काढायला वेळ लागला असता, म्हणून ते काम त्याने मेळाव्यानंतरवर ढकलले.

मेळाव्यात पडद्यावर तांबखडी झळकली. गल्लीमागून गल्ली सरकू लागली. पुढच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले आणि "अरे, हा आमचा उंबरा!" म्हणून ओरडले. हेरंबचा ऊर भरून आला. इतक्यात जळका वास सुटला आणि पडदा काळा पडला. "गेलं का रे परत?" आजोबांनी विचारले.

जोडवायर वितळून डिस्कला चिकटली होती. डिस्कवरचे गाव परत मिळते का म्हणून ती पुण्याला पाठवली, तिथूनही नकार आला. गुरुजींकडे एक जुनी नक्कल होती, पण तिच्यात फक्त देऊळ आणि नदीकाठ होता.

अण्णा परतले. हेरंब मान खाली घालून उभा राहिला. चार शब्द कानाखाली वाजवल्यासारखे बोलले असते तर त्याला बरे वाटले असते. पण अण्णांनी ते मोठे कार्ड काढले, दुकानातल्या दणकट संगणकात त्याच्या हक्काच्या वायरीवर बसवले आणि चालू केले. चित्रे झरझर धावू लागली. अण्णा ते दिवसभर चालू ठेवून आपले काम करत राहिले.

शेवटी हेरंबला राहवेना. "अण्णा, ज्या कार्डाने घात केला, तेच कशाला चालवताय?"

"त्याने घात केला नाही, हे तुला दिसावं म्हणून," अण्णा शांतपणे म्हणाले. "कार्ड निर्दोष आहे बाळा. डिस्कही निर्दोष होती. तू विचारलंस, नवं किती देईल. ते कुणाच्या वाटणीचं घेईल, हे नाही विचारलंस. ज्याने त्या पेटीत वीज घातली त्याने प्रत्येकाचा घास ठरवून घातली होती. तू तो घास डिस्कच्या तोंडचा काढलास, कारण ती कुरकुरत नाही. गुपचूप सगळं सांभाळत असते. प्रेमाच्या भरात आपण असंच करतो रे. जो बोलत नाही, त्याच्यातूनच जोडवायर ओढतो."

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्याच दिवशी तो लहान कार्ड घेऊन गुरुजींकडे गेला. नवी डिस्क घातली, जुनी नक्कल तिच्यावर चढवली. देऊळ दिसले, नदीकाठ दिसला. पुढे नुसते हिरवे मोकळे रान.

"पुन्हा करू गुरुजी. तुम्ही सांगा, मी बसतो रोज तुमच्यापाशी," तो म्हणाला.

"माझं घर सांगेन, आमची आळी सांगेन," गुरुजी म्हणाले. "वरची आळी रखमाकाकूंनी सांगितली होती. त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. विहीर पाराच्या अलीकडे की पलीकडे, यावर आता चौघं चार गोष्टी सांगतात."

गुरुजींच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हेरंबला सोसवेना. त्या हिरव्या रानाकडे बघत ते म्हणाले,

"धरणात गाव गेलं ना हेरंब, तेव्हा निदान आधी नोटीस तरी आली होती."