विष खाल्लेला उमेदवार

सोनखेडीच्या राजाला अन्न चाखणारा माणूस हवा होता आणि तो काही मिळत नव्हता. अडचण राजाच्या अटीची होती. माणूस अनुभवी पाहिजे. नुसता चाखण्याचा अनुभव नको, विष खाल्ल्याचा पाहिजे. शिवाय माणूस धडधाकट पाहिजे.

अट ऐकून सगळ्या दरबारानं मान डोलावली. राजाची चूक राजाला सांगायची, अशी नोकरी दरबारात कुणाकडेच नव्हती.

आधीचा चाखणारा येसबा नुकताच वारला होता. विषानं नव्हे, म्हातारपणानं. राजाच्या ताटातलं थोडं थोडं तो आधी द्रोणात काढून घ्यायचा, खायचा, स्वस्थ बसायचा आणि मग वाढप्याला हात करायचा. त्याच्यामागे बायको राहिली आणि लेक ठकू. राहतं घर नोकरीचं. नवा माणूस नेमला की दोघींनी भांडीकुंडी उचलून चालू लागायचं, असा वाड्याचा हुकूम. ठकूनं विचार केला, नवा माणूस आपणच का होऊ नये?

वाड्याला नोकर पुरवायचे ते रंभाजी दलालानं. ज्याला नोकरी लागेल त्याचा पहिला पगार रंभाजीचा. त्यामुळे त्याला प्रत्येक माणूस प्रत्येक कामाला लायक दिसे. ठकू त्याच्या ओट्यावर गेली तेव्हा त्यानं तिला शिकवायलाच घेतलं. मान खाली घालून बोलायचं. लहानपणापासून विष खात आले म्हणायचं. दोष विचारला तर मला कामाशिवाय करमत नाही, हाच माझा दोष, असं सांगायचं.

ठकूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रंभाजीकाका, तुम्ही नक्की कुणाचे? राजाचे की माझे?"

"राजानं माणूस मागितला म्हणून राजाचा. पगार तू देणार म्हणून तुझा."

"मग उपदेश राहू द्या. तुमच्याकडे एकच गोष्ट कामाची आहे, ती द्या. आधी गेलेले कशानं हुकले?"

रंभाजीला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे आपले, माझं नाव पुढे घाला, एवढंच म्हणत. त्यानं सांगून टाकलं. एका पैलवानानं दरबारात छातीवर थाप मारली, म्हणाला धोतरा तर मी तोंडी लावायला घेतो. राजानं धोतऱ्याची बोंडं मागवली. पैलवान गेला तो अजून गावात आलेला नाही. दुसरा एक वैद्य होता. राजानं त्याच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या, एकीत विष आहे म्हणाला आणि ओळखायला सांगितलं. वैद्यबुवा वास घेत बसले, रंग बघत बसले, श्लोक म्हणाले, आणि शेवटी हात जोडून घरी गेले.

"हं," ठकू म्हणाली. "उद्या माझं नाव घाला."

दुसऱ्या दिवशी ती रंभाजीबरोबर दरबारात उभी राहिली. राजानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाईमाणूस हे काम कसं करणार, असं त्यानं विचारलं. विष बाई-पुरुष बघत नाही, मग आपण कशाला बघायचं, असं तिनं सांगितलं. दरबारात खसखस पिकली. राजा खाकरला.

"विष किती वेळा खाल्लंस?"

"एकदाही नाही."

रंभाजीनं कपाळाला हात लावला.

"मग आलीस कशाला?"

"खाल्लेला माणूस हवा असेल तर महाराजांनी नदीकाठच्या स्मशानात दवंडी द्यावी. तिथे अनुभवी पुष्कळ आहेत. फक्त बोलावून येतील असं वाटत नाही."

राजानं मिशीवरून हात फिरवला आणि खूण केली. वाढप्यानं बासुंदीनं भरलेल्या दोन चांदीच्या वाट्या आणून ठेवल्या. वर चारोळी, केशराच्या काड्या. राजानं सांगितलं, एकीत विष आहे. कुठल्या वाटीत ते ओळखायचं. तोंड लावायचं नाही, कारण राजाला उष्टं चालत नाही. कुत्र्यामांजराला घालायचं नाही. माणसालाही द्यायचं नाही. ओळखलं तर नोकरी. नाही ओळखलं तर मायलेकींनी संध्याकाळच्या आत घर सोडायचं.

ठकूनं वाट्यांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. एक वाटी उचलली आणि दुसरीत ओतली. बासुंदी काठावरून गालिच्यावर सांडली. मग भरलेली वाटी घेऊन ती खिडकीपाशी गेली, बाहेरच्या उकिरड्यावर उपडी केली आणि पदराला हात पुसत परत आली.

राजा गादीवरून अर्धा उठला. "अगं ए! विष कुठल्या वाटीत होतं?"

"मला काय ठाऊक?"

"मग ओळखलंस काय?"

"विष कुठल्या वाटीत हे ज्यानं घातलं त्याला विचारावं, आणि तो सापडला की फटके द्यावेत. चाखणाऱ्याचं काम वेगळं. महाराजांच्या पोटात विष जाऊ द्यायचं नाही. गेलं का?"

राजा पोटावर हात ठेवून बसला. खिडकीकडे बघून त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

"कशातच विष नव्हतं गं," तो म्हणाला. "परीक्षा झाली की दोन्ही वाट्या मीच खाणार होतो. सकाळपासून उपाशी बसलोय."

"मग महाराज, पुढच्या परीक्षेला कारल्याची भाजी ठेवा. ती फेकली तर कुणी रडणार नाही."

राजा आधी खाली मान घालून हसला, मग मान वर करून हसला, आणि शेवटी खोकला लागेपर्यंत हसला. राजा हसला म्हटल्यावर दरबारही हसला. त्यानं तिथल्या तिथे ठकूला नोकरीवर घेतलं, घर कायमचं तिच्या आईच्या नावे करून दिलं, अंगावरची शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि मुदपाकखान्यात ओरडून सांगितलं, "बासुंदी पुन्हा आटवा रे, आणि या वेळी हिला आधी द्रोण द्या!"