खिरीची वाटी

"तीन वर्षांची झाली, तरी हिच्या तोंडून एक शब्द का फुटत नाही?"

विचारणारे अनंतशास्त्री पंचक्रोशीत विद्वान म्हणून नावाजलेले. कृष्णाकाठच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, हसनबाबांसमोर ते ताठ बसले होते. शेजारी पत्नी भागीरथी, तिच्या मांडीवर वेणू.

"ऐकू येतं?" बाबांनी विचारलं.

"टाचणी पडली तरी वळून बघते. वैद्य म्हणतात, जीभही ठीक आहे."

"घरात काय ऐकते?"

"रोज पहाटे शंभर श्लोक. शुद्ध, स्पष्ट."

"आणि घरी येतं-जातं कोण?"

"कोणी नाही," शास्त्री अभिमानाने म्हणाले. "ही जन्मली त्या दिवसापासून दार लावून घेतलंय. गावगप्पा नाहीत, शिवीगाळ नाही. मीसुद्धा कोणाच्या ओट्यावर बसत नाही."

बाबा भागीरथीकडे वळले. "आणि तुम्ही, माय?"

तिने मान खाली घातली. "मला बोलायला कोणीच नाही, बाबा…"

शास्त्रींनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षांत हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

तिने बाबांसाठी वाटीभर खीर आणली होती. बाबांनी ती चवीने खाल्ली, वाटी धुतली, पुसली.

"आलेली वाटी रिकामी परत धाडू नये म्हणतात. पण फकिराच्या घरी काय असणार? समोर रखमा तेलीण राहते. तिच्याकडून काहीतरी मागून आणा, शास्त्रीबोवा. लेकीला कडेवर घ्या. आणि उभ्या उभ्या येऊ नका, जरा बोलून या."

"मी? मागू?"

बाबा वाटी पुढे धरून राहिले.

शास्त्री गेले, आणि लगेच परतले. वाटी रिकामीच.

"नाही म्हणाली?"

"मी हाकच मारली नाही. दारात उभा राहिलो… काय बोलावं ते सुचेना."

"मग लेकीला तरी कसं सुचावं?"

शास्त्रींचा चेहरा उतरला. सभांमागून सभा जिंकलेला माणूस एका तेलिणीच्या उंबऱ्याशी गप्प झाला होता. पण त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. त्यांनी वाटी उचलली आणि ते पुन्हा गेले.

या वेळी रखमानेच त्यांना पाहिलं.

"आवं, उंबऱ्यात का हुबं? आत या की! लेक व्हय तुमची? नाक अगदी बापावानी हाय की!"

शास्त्रींना हसू आलं, चांगलं खळखळून. वेणू दचकली. मग तिने बोट पुढे करून हळूच बापाच्या दातांना लावून पाहिलं.

वाटीत भुईमुगाच्या शेंगा आल्या.

"उद्या दुसरं दार," बाबा म्हणाले.

मग रोज एक वाटी निघू लागली. कधी शास्त्री नेत, कधी भागीरथी. वेणू कडेवर असायचीच. वाटी परत करायला बायका शास्त्रींच्या घरी येऊ लागल्या आणि दुपारभर रेंगाळू लागल्या. भागीरथीच्या हसण्याचा आवाज रस्त्यावर येई. पहाटेचे श्लोक चालू होते, दार मात्र उघडं असायचं. तीन वर्षं जपलेला हट्ट असा रोज थोडा थोडा सोडायला मोठं मन लागतं, आणि ते शास्त्रींकडे होतं.

दसऱ्यानंतर तिघं बाबांसाठी पुन्हा वाटीभर खीर घेऊन तकियात आली. निघताना शास्त्रींनी हात जोडले. एवढ्या दिवसांत दारोदार म्हणत आले होते, तेच म्हणाले.

"येऊ?"

भागीरथीच्या कडेवरून बारीक आवाज आला.

"येऊ?"

भागीरथीने पदर तोंडाशी धरला. शास्त्री लेकीकडे वळले. डोळे पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"हिला श्लोक शिकवले, बाबा… हे तर मी शिकवलं नव्हतं. हे हिला शिकवलं कोणी?"

बाबांनी रिकामी वाटी उचलली, उजेडात फिरवून पाहिली आणि शास्त्रींच्या हातात दिली.

"उद्या जरा मोठी आणा."