राजाच्या मिशा आणि नऊ पहिलवान

राजा दुर्जयरावांच्या मिशा सलग तिसऱ्या वर्षी उतरल्या आणि त्यांनी फर्मान सोडलं, "पुढच्या दसऱ्याला या पुन्हा उतरल्या, तर या न्हाव्याचा उजवा हात तोडा!"

वस्तरा धरलेला गेणू जागच्या जागी गार पडला. हात त्याचाच होता ना!

दर दसऱ्याला दुर्जयरावांची डोंगरपेठ आणि शेजारचं हिरडगाव यांच्यात विटीदांडूचा सामना होई. जो राजा हरेल, त्याने भर मैदानात मिशा उतरवायच्या. मैदान डोंगरपेठेचं, म्हणून वस्तराही डोंगरपेठेच्या गेणूचा. हरले पहिलवान, मिशा गेल्या राजाच्या आणि दोष कुणाचा? वस्तऱ्याचा! असा डोंगरपेठेचा न्याय.

खेळ तसा सोपा होता. पहिल्याने खड्ड्यावरची विटी कोलायची. ती पडेल तिथून दुसऱ्याने टोला मारायचा, तिथून पुढे तिसऱ्याने, असं करत नऊ गड्यांनी ती पुढे न्यायची. ज्यांची विटी जास्त लांब, ते जिंकले. पण वाटेत एक जरी झेल गेला, की सगळी मेहनत पाण्यात! दुर्जयरावांचे नऊच्या नऊ गडी पहिलवान. त्यांची विटी ढगात जाई आणि इतक्या निवांतपणे खाली येई, की हिरडगावचे गडी झेल घेण्याआधी तंबाखू मळून घेत.

"महाराज," गेणू चाचरत म्हणाला, "हात माझा जायचाय, तर निदान गडी तरी मला निवडू द्या."

"निवड की! पण प्रत्येकाचा टोला मैदानाच्या टोकाच्या त्या चिंचेवरून गेला पाहिजे. आणि झेल एकही जाता कामा नये!"

"वा! काय विचार!" दरबारी एका सुरात म्हणाले. त्यांचे हात शाबूत राहणार होते, त्यांचं काय जातंय!

गेणू घरी गेला. जेवताना त्याने घास उचलला आणि हाताकडे बघून परत ठेवला. सकाळी उठला तो मात्र गालातल्या गालात हसत.

महाराज रोजच्यासारखे डोळे मिटून दाढीला बसले. गालांना कोमट पाणी लागलं, मग बराच वेळ काहीच होईना. त्यांनी एक डोळा उघडला. समोर मल्हारबा पहिलवान, खांद्यावर कुऱ्हाड!

"अरे, हे काय?"

"दाढी, महाराज!" गेणू अदबीने म्हणाला. "मल्हारबा एका घावात वडाची फांदी पाडतो. तुमच्या चार केसांची काय कथा!"

"गाढवा! दाढीला हलका हात लागतो!"

"हलका हात? छे छे! त्याचा टोला चिंचेपर्यंतसुद्धा जात नाही."

मल्हारबा मोठा आज्ञाधारक. तो तळहातांवर थुंकून कुऱ्हाड सरसावू लागला.

"थांब, थांब!" महाराज पाट सोडून उठले. "घे तुझे हलके हात! हाकलून दे सगळे पहिलवान!"

"मग उद्या दाढीचं पाणी कशावर तापवू? मी वस्तऱ्याने ओंडके फोडत बसलो, तर तुमच्या दाढीला दिवाळी उजाडेल. महाराज, पाणी तापतं मल्हारबाच्या कुऱ्हाडीमुळे आणि दाढी होते माझ्या वस्तऱ्याने."

महाराज घुश्शातच पुन्हा पाटावर बसले. "कर तुला हवं ते. पण हात तुझाच आहे, हे विसरू नकोस!"

"कसा विसरेन? रोज त्यानेच जेवतो."

दसरा उजाडला. गेणूच्या संघात चार पहिलवान, आणि बाकी कोण? जाडजूड मनगटातही काच न तडकवता बांगडी सरकवणारा तात्याबा कासार, त्याचे दोन भाऊ आणि दोन शिंपी! तात्याबाने विटी हळूच कोलली. ती जमिनीलगत सुळकन गेली आणि चार पावलांवर पडली.

"टोला होता की डास मारला?" हिरडगावचे राजे मानाजीराव खो खो हसले. दुर्जयराव मिशांवरून हात फिरवू लागले, जणू निरोपच घेत होते.

आणखी दोन टोले तसेच गेले. झेल काही मिळेना, म्हणून हिरडगावचे गडी पुढे पुढे सरकत विटीभोवती गोळा झाले. गेणूला एवढंच हवं होतं. त्याने मल्हारबाला पाठवलं आणि विटी सगळ्यांच्या डोक्यावरून गेली! झेलायला मागे होतंच कोण? ते धापा टाकत मागे पळाले, तर पुढे आला शिंपी. ते परत जवळ आले, तर दुसरा पहिलवान! झेल एकही गेला नाही आणि विटी चिंचेपल्याड जाऊन पडली. हिरडगावची विटी त्याच्या निम्म्यावरसुद्धा पोचली नाही.

आता मानाजीराव पाटावर बसले. गेणूने वस्तरा पाजळला, तेव्हा त्यांचा आवाज बराच मऊ झाला होता.

"गेणोबा, जरा बेताने हं! हात हलका आहे ना तुझा?"

गेणूने मागे पाहून खूण केली. कुऱ्हाड घेऊन मल्हारबा पुढे आला.

"महाराज, आमच्याकडे दोन्ही हात आहेत," गेणू लवून म्हणाला. "तुम्ही फक्त सांगा, कुठला लावू?"

मानाजीरावांनी दोन्ही तळव्यांनी मिशा झाकल्या! ते पाहून दुर्जयराव असे हसले, असे हसले, की तीन वर्षांनी पहिल्यांदाच वाचलेल्या त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. हसतहसतच त्यांनी बोटातली हिऱ्याची अंगठी काढली आणि गेणूच्या बोटात घातली. उजव्या हाताच्या!