ठकूआत्याचा वाफा

ऐका. फार वर्षांपूर्वी, वाघजाळीला जायला जेव्हा फक्त बैलांची पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे ठकूआत्या नावाची सुईण राहायची. नवरा गेल्यावर ती आपल्या भावाकडे, बयाजीकडे परत आली आणि साऱ्या गावाची आत्या झाली. तिच्या हातून जन्मलेलं एकही मूल दगावलं नाही, असं म्हणतात. बाईच्या पोटावर नुसता हात ठेवून ती दिवस सांगायची.

वाघजाळीचा लसूण लहान, लालसर आणि भारी तिखट. तसा दुसरीकडे कुठेच नव्हता. घरोघरी परसात त्याचा एखादा वाफा असायचा, आणि होळीच्या आदल्या दिवशी सारं गाव तो उपटायचं. बापजाद्यांची रीतच तशी.

एका वर्षी पाऊस लांबला. त्यामुळे लावणी दीड महिना उशिरा झाली, पण होळी काही उशिरा आली नाही. गावानं नेहमीसारखा लसूण उपटला. ठकूआत्यानं मात्र आपल्या वाफ्यातली माती बोटानं उकरली, एक गड्डा चाचपला आणि माती परत लोटली.

"ठके, गावाचा लसूण घरात आला, तुझाच तेवढा बाहेर," बयाजी म्हणाला. "लोक हसतात मला."

"हसू देत. याच्या पोटात अजून पाकळ्या धरल्या नाहीत, दादा. दिवस भरल्याशिवाय मी कुणाला बाहेर काढलंय का आजवर?"

पंधरा दिवसांत गावाचा लसूण जुड्यांमध्येच सुकून पोचट झाला. पुढच्या लावणीला बेणं म्हणून एक पाकळी उरली नाही. राहिला तो ठकूआत्याचा बाजेएवढा वाफा. तो हातचा गेला की वाघजाळीचा लसूण जगातून गेला. हसणारे सगळे आता तिच्या कुडाशी येऊन उभे राहू लागले.

आत्यानं पाणी तोडलं. लोक घाबरून घागरी घेऊन आले, पण तिनं कुणाला शिंतोडा मारू दिला नाही. "आता पाणी दिलंत तर कुजेल," ती म्हणायची. खालची पात वाळली, वरची पिवळी पडली. रोज कुणीतरी म्हणायचं, "आत्या, आता तरी काढ गं!" उशीर झाला तर गड्डा मातीतच फुटतो आणि पाकळ्या विखुरतात, हे तिलाही माहीत होतं. म्हणून ती वाफ्याशेजारून उठेना, धड जेवेना. उन्हात बसून बसून तिची काडी झाली.

चैत्रातल्या एका सकाळी शेजारची शेवंता आत्याच्या परसातून धावत सुटली. "मान टाकली! मान टाकली गं बाई! ठकूआत्याच्या..." पुढे तिला दम लागला.

गावानं काय समजायचं ते समजलं. बाया रडायला लागल्या. पुरुषांनी बांबू तोडले, कुणी मडकं आणलं, कुणी गोवऱ्या. बयाजी शेतातून ऊर बडवत आला. "ठके, मला टाकून गेलीस गं!"

सगळे परसात शिरले, तर आत्या वाफ्यात कमरेवर हात ठेवून उभी.

"कोण मेलं रे?" तिनं विचारलं.

पुरुषांच्या खांद्यावरचे बांबू खाली आले. शेवंताच पुढे होऊन म्हणाली, "अहो, लसणानं! लसणानं मान टाकली, म्हणत होते मी!"

खरंच, सगळ्या रोपांच्या माना मोडून पात जमिनीवर आडवी झाली होती. आत्यानं एक गड्डा उपटला आणि तळव्यावर चोळला. आत बारा पाकळ्या, टच्च भरलेल्या. बयाजी रडता रडताच हसायला लागला, आणि मग कुणालाच हसू आवरेना.

"बांबू आणलेत ते बरं केलंत," आत्या म्हणाली. "जुड्या टांगायला लागतीलच. आणि त्या मडक्यात आमटी शिजवा. भूक लागलीय मला."

त्या दिवशी गाव उपटत राहिलं, तरी तो एवढासा वाफा सरेना. साठ घरांना बेणं पुरलं, आणि एका मडक्यातली आमटीही साऱ्या गावाला पुरली, असं म्हणतात.

आजही वाघजाळीत लसूण तिथी बघून काढत नाहीत. माना पडल्या की गावातली सगळ्यांत थोरली बाई वाफ्यात जाऊन उभी राहते, आणि बाकीचे खांद्यावर बांबू घेऊन खोटं खोटं रडत येतात. ती विचारते, "कोण मेलं रे?" आणि लहानथोर सगळे एका सुरात ओरडतात, "कुणी नाही, आत्या! कुणी नाही!"