ताऱ्याची नोट

चेअरमनीणबाई मालतीबाई रणपिसे यांनी लेकाने अमेरिकेहून आणलेली दोन डॉलरची नोट चौकटीत घालून हॉलमध्ये टांगली, आणि समोरच्या इंदुमतीकाकूंचा जळफळाट सुरू झाला. सगळी सोसायटी ती बघायला तिकडेच!

श्रावणात मालतीबाईंकडे नव्या सुनांची मंगळागौर होती. काकूंची सून पाटावर बसणार, तोच मालतीबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू नको गं. तू दुसरेपणाची. नवऱ्याचं पहिलं बिघडलं म्हणून आलेली."

पोरीचे डोळे भरले. काकूंनी चौकटीकडे बोट केलं. "मालतीबाई, नंबरापुढे हा तारा कसला हो?"

मालतीबाई फुलल्या. "छापताना नोट बिघडली की तिच्या जागी ताऱ्याची घालतात. म्हणून तर शौकीन लोक हिला जास्त किंमत देतात!"

"अगंबाई! म्हणजे बिघडलेलीच्या जागी आलेली नोट तुम्ही भिंतीवर मिरवता, आणि माझ्या सुनेला पाटावर बसू देत नाही?"

बायकांत खसखस पिकली. मालतीबाईंनी स्वतःच पाट सरळ केला.

काकूंनी सुनेला बसवलं आणि त्या तिच्या कानात पुटपुटल्या, "नोट मात्र देखणी आहे हो मेली."